नुसती गोळी म्हणजे उपचार नव्हे

मनाच्या आजारासाठी सरकारी दवाखान्यात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. रांगेत दुपार होते आणि दोन मिनिटांत गोळ्या लिहून मिळतात. मग माणूस जाणंच सोडतो, आणि दोष त्याच्याच माथी येतो. हे आम्ही वस्तीत पाहतो.

म्हणून घरच्यांनी दवाखानाही पारखावा. झोप, काम, दारू, घरचा ताण यांबद्दल विचारलं का? बोलायला आडोसा होता का? औषध किती दिवस घ्यायचं, त्याने काय त्रास होऊ शकतो, हे सांगितलं का? औषध तिथंच मिळालं का? तारीख चुकली तर कुणी चौकशी केली का? आणि मुख्य म्हणजे, माणूस पुन्हा कामाला, चार माणसांत जाऊ लागला का?

हे विचारणं आपला हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारात जातीवरून भेदभाव चालत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड नसलं तरी, सरकारी उपचार मोफत आहेत. आजारी माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे.

उत्तरं 'नाही' आली तरी गोळ्या परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोला.