पेंचचा काळोख आणि हिवाळ्यातलं आकाश

नागपूरहून जबलपूर रस्त्याने मनसर ओलांडून पवनीला आत वळलं की सिल्लारी येतं. वाघाच्या ओढीने या वाटेवर गाड्यांची रीघ लागते. पण जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला एक मान मिळाला, तो तिथल्या काळोखासाठी. डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने पेंचला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर पथदिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीवर पडेल असा केला गेला. वाघोडा तलावाजवळ, बफर क्षेत्रात, आकाशदर्शनाची सोयही झाली. गावातल्या रस्त्यावरचा उजेड कायम राहिला आणि वरचं आकाशही परत मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आकाशाची आवड असलेल्या नागपूरकराने हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासची एक रात्र यासाठी राखून ठेवावीच. विदर्भाची थंडी कोरडी असते, हवा निवळलेली असते. ती बोचरीही असते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तेव्हा कानटोपी, जाड सतरंजी आणि थर्मासभर चहा हवाच. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा जरी उजळला, तरी ती सगळी मेहनत वाया जाते. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावायचा.

डिसेंबरात मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३-१४ तारखेच्या रात्री भरात असतो. त्याला दुर्बीण लागत नाही, सतरंजीवर उताणं पडलं की झालं. पण हिवाळ्याचं खरं वैभव मृग नक्षत्रात आहे. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण लहान मुलंही ओळखतात. याच भागात विदर्भातल्या गोंड शेतकऱ्यांना नांगर दिसतो. बाणाच्या खाली धूसर ठिपका दिसतो, तो साधारण १३०० प्रकाशवर्षं दूरचा तेजोमेघ. तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत.

बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की व्याध लागतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. आणि त्याच्या बऱ्याच खाली, दक्षिणेला, दुसरा क्रमांक असलेला अगस्त्य. व्याध जेमतेम ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, जवळ असल्यामुळे झळकतो. अगस्त्य तीनशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर असूनही त्याच्या खालोखाल दिसतो, कारण तो मुळातच सूर्याच्या हजारो पट तेजस्वी आहे. नागपूर २१ अक्षांशावर असल्याने अगस्त्य इथून क्षितिजाच्या वर साधारण १६ अंश चढतो. हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढा. जानेवारीअखेर रात्री दहाच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला असतो. लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या आकाशप्रेमींना तो घरून कधीच दिसत नाही. आपल्याला हे दान केवळ अक्षांशामुळे मिळालं आहे.

मुलाला आकाशाची गोडी लागली की आईवडील पहिल्यांदा टेलिस्कोपची किंमत विचारतात. माझा सल्ला नेहमी एकच: स्वस्तातला, डुगडुगत्या स्टँडवरचा टेलिस्कोप घेऊ नका. त्यात तारा सापडत नाही, सापडला तर टिकत नाही, आणि मूल महिन्याभरात कंटाळतं. त्याऐवजी १० × ५० ची चांगली द्विनेत्री द्या. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्या जवळपास पन्नासपट प्रकाश गोळा करतं. कृत्तिकेचा पुंजका, मृगातला तेजोमेघ, २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका, सगळं त्यात येतं. सूर्याकडे मात्र ती चुकूनही रोखायची नाही, हे देतानाच बजावा. जोडीला जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' द्या. जंगलात जाण्याआधी मुलांना गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगणही दाखवून आणा.

आणि एक वही द्या. मृगातला तांबूस काक्षी २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत नुसत्या डोळ्यांना कळावा इतका फिका पडला. ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्यातून बनलेली धूळ आड आली, असं पुढे संशोधकांनी दाखवलं. काक्षी रोहिणीपेक्षा उजळ आहे की मंद, प्रश्वाच्या तुलनेत कसा आहे, एवढंच तारीख-वेळेसह वहीत लिहायचं. १९११ पासून चालत आलेली अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी जमा करते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. यासाठी पेंच गाठायचीही गरज नाही. हे तिन्ही तारे धरमपेठेतल्या गच्चीवरूनही स्पष्ट दिसतात.