‘वॉन्ट’: हवे, पाहिजे आणि उणे

झाशीच्या दतिया गेटपाशी दुकानात मराठी माणूस ‘रोटी चाहिए, लड्डू चाहिए’ म्हणतो. घरी मात्र पोळी हवी, लाडू हवा. हिंदीतले क्रियापद जागचे हलत नाही, मराठीतले वस्तूचे लिंग पाहून बदलते. दोन्हीकडे माणूस ‘मुझे’ किंवा ‘मला’ होऊन मागे उभा. इंग्रजीत तोच कर्ता: ‘आय वॉन्ट’. म्हणूनच अनोळख्याशी ते जरा हुकमी वाटते. तिथे ‘वुड लाइक’ बरे.

‘वॉन्ट’ हा शब्द जुन्या नॉर्समधून आला आणि त्याचा मूळ अर्थ उणे असणे. इच्छेचा अर्थ पुढे रुळला, तरी ‘फॉर वॉन्ट ऑफ’ म्हणजे आजही ‘-च्या अभावी’. झाशीला हा अर्थ भोवला आहे. 1853 मध्ये तिथले राजे गंगाधरराव नेवाळकर वारले. त्यांनी आदल्याच दिवशी दत्तक घेतला होता, पण गव्हर्नर-जनरल डलहौसीने तो नाकारला आणि औरस वारसाअभावी 1854 मध्ये संस्थान खालसा केले.

ब्रिटिश बोलीत ‘यू वॉन्ट टु सी अ डॉक्टर’ हा सल्ला असतो: डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. आपल्याला यात नवल नको. ‘पाहिजे’ आणि ‘चाहिए’ दोघेही इच्छा नि कर्तव्य एकाच पदरात बांधतात.