तुकडे ठेवा, पण पाठवताना एकच फाइल

अमरावती विद्यापीठात असा की अकोल्याच्या पंदेकृवित, लाटेकमध्ये शोधनिबंध लिहिताना प्रत्येक विभागाची वेगळी फाइल ठेवणं सोयीचंच. पण नियतकालिकाकडे पाठवताना त्यांची एक सलग फाइल करावी, आणि तीही हाताने नव्हे. कॉपी-पेस्ट केलं की दोन प्रती होतात; परीक्षकांनी सुचवलेली दुरुस्ती एकीत होते, दुसरीत राहून जाते. टेक लाइव्हसोबत येणारं लेटेक्सपँड (latexpand) हे साधन 'इनपुट' आणि 'इन्क्लूड'च्या जागी त्या त्या फाइलचा मजकूर भरतं. सांगितलं तर संदर्भसूचीची बीबीएल फाइलही आत घेतं.

'झिप चालते की!' असं कोणी म्हणेल. चालते, आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संग्रहावरही चालते. पण फाइलच्या नावातला कॅपिटल-स्मॉलचा फरक विंडोज सहसा मनावर घेत नाही, लिनक्स सर्व्हर घेतो. इकडे उघडणारी फाइल तिकडे सापडतच नाही. शिवाय आर्काइव्हवरचा मूळ सोर्स कुणालाही उतरवता येतो, टक्क्याच्या खुणेमागे सहलेखकावर काढलेल्या रागासकट! लेटेक्सपँड तो मजकूर आपसूक गाळतं. आकृत्या मात्र वेगळ्या जोडाव्याच लागतात, आणि पाठवण्याआधी सगळं रिकाम्या फोल्डरात टाकून एकदा पीडीएफ काढून बघावी.