गांदोची शाळा : माती, पत्रा आणि वारा

पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या वाळवंटाच्या दक्षिणेला बुर्किना फासो हा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही आणि बहुतेक लोक कोरडवाहू शेतीवर जगतात. १९८४ पर्यंत या देशाचे नाव अप्पर व्होल्टा असे होते. शाळेतल्या जुन्या नकाशात तेच सापडेल. देशाच्या पूर्वेकडच्या भागात, तेनकोदोगो या शहराजवळ, गांदो नावाचे खेडे आहे. मार्च-एप्रिलमध्ये तेथे पारा ४० अंश सेल्सियसच्या वर चढतो, पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो आणि उरलेले वर्ष बहुतेक कोरडे जाते. मराठवाडा-विदर्भातल्या शिक्षकांना हे वेळापत्रक फारसे परके वाटणार नाही.

या खेड्यात २००१ साली तीन वर्गखोल्यांची एक प्राथमिक शाळा बांधून झाली. २००४ साली तिला वास्तुकलेसाठी दिला जाणारा आगाखान पुरस्कार मिळाला. तिचे वास्तुशिल्पी दिएबेदो फ्रान्सिस केरे यांना २०२२ साली प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आफ्रिकी वास्तुशिल्प्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. मातीच्या तीन खोल्यांचे एवढे कौतुक का झाले, हे समजून घ्यायला वास्तुकलेचे शिक्षण लागत नाही. आठवी-नववीचे पदार्थविज्ञान पुरते.

केरे यांचा जन्म १९६५ साली गांदोमध्येच झाला. ते गावप्रमुखाचे थोरले चिरंजीव. गावात शाळा नव्हती, म्हणून सातव्या वर्षी त्यांना घर सोडून तेनकोदोगोला जावे लागले. तिथला वर्ग सिमेंटच्या ठोकळ्यांचा, कोंदट, अंधारा, आणि त्यात शंभराहून अधिक मुले बसत. पुढे सुतारकामाची शिष्यवृत्ती मिळून ते जर्मनीत गेले, रात्रशाळेत शिकले आणि बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाला लागले. गांदोची शाळा त्यांनी बांधली ती विद्यार्थी असतानाच. पदवी हाती पडली २००४ मध्ये, म्हणजे शाळा उभी राहिल्यानंतर तीन वर्षांनी! पैसे मित्रांकडून आणि ओळखीच्यांकडून गोळा केले, त्यासाठी १९९८ मध्ये एक संस्थाही काढली.

पत्र्याखालचा वर्ग

पत्र्याच्या छपराखाली दुपारी बसलेल्या माणसाला उकाड्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. पण हा उकाडा नेमका येतो कुठून? पत्रा उन्हाने तापतो, त्याला टेकलेली खोलीतली हवा तापते. तापलेली हवा हलकी, ती वरच राहते. म्हणजे अभिसरणाने ती खाली बसलेल्या मुलांपर्यंत फारशी पोचत नाही. हवा उष्णतेची मंदवाहक, त्यामुळे वहनही नगण्य. मग डोके का तापते? प्रारणामुळे. तापलेला पत्रा खालच्या बाजूला अवरक्त किरण टाकत राहतो आणि ते हवेला न जुमानता थेट मुलांच्या डोक्यावर उतरतात. पदार्थाचे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणून पत्रा थोडा अधिक तापला तरी त्रास बराच वाढतो. (नवा चकचकीत पत्रा जुन्या गंजक्या पत्र्यापेक्षा कमी प्रारण देतो. शाळेच्या वाट्याला मात्र बहुधा जुनाच असतो.)

आता मातीच्या भिंतीचे गणित करू. अर्धा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा घेतला तर त्याचे वजन सुमारे ४ किलो भरते. लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.११, म्हणजे हा पत्रा एका अंशाने तापवायला अर्धा किलोकॅलरीसुद्धा लागत नाही. आता ३० सेंटिमीटर जाडीची, दाबलेल्या मातीच्या विटांची भिंत घ्या. एका चौरस मीटरमागे तिचे वजन साधारण ५७० किलो होते. कोरड्या मातीची विशिष्ट उष्णता ०.२ धरली, तर ही भिंत एक अंशाने तापायला ११४ किलोकॅलरी लागतात. पत्र्याच्या अडीचशे पटींहून जास्त! शिवाय माती उष्णतेची मंदवाहक. या दोन्हींचा परिणाम असा की, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दुपारी बाराला बसलेला उन्हाचा चटका आतल्या अंगाला पोचेपर्यंत आठ-दहा तास जातात, आणि पोचतो तोही बराच मंदावून.

शाळा रात्री रिकामी असते. म्हणजे ती उष्णता आत येते तेव्हा आत कोणीच नसते, आणि पहाटेच्या गार वाऱ्याने भिंत पुन्हा निवलेली असते. राहत्या घराला हाच हिशेब इतका सोयीचा पडेलच असे नाही; उन्हाळ्यात जाड भिंतींच्या घरांतली माणसे अंगणात का झोपतात ते आपल्याला ठाऊकच आहे. शाळेला मात्र तो चपखल बसतो.

पण मातीचा एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे पाऊस. गांदोच्या लोकांनी केरे यांना पहिला प्रश्न तोच विचारला. हा मुलगा जर्मनीत शिकून आला, आणि काचेची-सिमेंटची इमारत सोडून पुन्हा मातीच कालवायला सांगतो? आमची मातीची घरे तर दर पावसाळ्यात ढासळतात!

प्रश्न अगदी रास्त होता. पावसाला पत्रा लागतो आणि उन्हाला माती लागते. केरे यांनी दोन्ही वापरली, मात्र एकमेकांपासून दूर ठेवली. वर्गावर काँक्रीटच्या तुळया, त्यांवर आडव्या लोखंडी सळया आणि सळयांवर मातीच्या विटांचे छत. या छतात हवा जायला फटी आहेत. त्याच्या वर, बरेच अंतर सोडून, पन्हळी पत्र्याचे छप्पर तरंगल्यासारखे उभे आहे. पत्रा तापतो, पण मुलांना तो दिसतच नाही; त्याचे प्रारण मधले मातीचे छत अडवते. पत्रा आणि छत यांच्यामधली हवा तापून वाऱ्याबरोबर निघून जाते, खोलीतली गरम हवा फटींतून वर चढते आणि तिची जागा घ्यायला भिंतींतल्या पट्ट्यांच्या खिडक्यांतून बाहेरची हवा आत येते. विजेच्या पंख्याचा प्रश्नच नव्हता, कारण गावात तेव्हा वीज नव्हती. शिवाय पत्रा भिंतींच्या बराच बाहेर काढलेला आहे. त्यामुळे भिंतींवर ऊन कमी पडते आणि पावसाची झड सहसा पोचत नाही. वर्ग एका रांगेत असले तरी प्रत्येक दोन वर्गांमध्ये एक मोकळी जागा सोडून तिच्यावरूनही तेच छप्पर नेले आहे. मुले सावलीत खेळतात, शिक्षकांना वाटले तर धडा तेथेच होतो.

एवढे मोठे छप्पर वर चढवायचे कसे? क्रेन नाही, रस्ता धड नाही. येथे सुतारकाम शिकलेल्या माणसाची नजर दिसते. बाजारात मिळणाऱ्या बारीक सळया हातकरवतीने कापल्या, वेल्डिंगच्या लहान यंत्राने त्रिकोणात्रिकोणांनी जोडल्या आणि हलक्या कैच्या तयार केल्या. चौकोन कोपऱ्यांत मुडपतो, त्रिकोण मुडपत नाही. सायकलच्या तुळीपासून विजेच्या मनोऱ्यापर्यंत सगळीकडे हाच नियम आहे. एकेक तुकडा माणसांनी हाताने उचलता येईल एवढाच ठेवला होता.

माती कोणती आणि किती

गांदोच्या विटा भाजलेल्या नाहीत. वीट भाजायला आठशे-हजार अंश तापमान लागते आणि त्यासाठी लाकूड. ज्या मुलखात झाडे विरळ आणि वाळवंट जवळ, तेथे ते परवडत नाही. जवळच्याच मातीत शेकडा ८ ते १० च्या आसपास सिमेंट मिसळून, किंचित ओलसर करून, हाताने चालवायच्या यंत्रात ती दाबली. तरफेच्या दांड्यावर माणसाने भार टाकला की साच्यातली माती घट्ट होते. अशी यंत्रे १९५० च्या दशकात दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात प्रथम तयार झाली आणि नंतर जगभर गेली.

साध्या मातीच्या विटेत वाळूच्या कणांना धरून ठेवते ती चिकणमाती. तिचे कण पापुद्र्यांसारखे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांमध्ये शिरते, कण सुटे होतात आणि वीट विरघळते. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून न विरघळणारे स्फटिक आणि चिकट पदार्थ तयार करते. ते कणांना कायमचे बांधतात. म्हणून या विटा वाळवताना उन्हात टाकत नाहीत. सावलीत झाकून, पाणी मारून ठेवतात. चिकणमाती फार असली तर वीट सुकताना तडकते. आपली काळी कपाशीची माती या कामाला निरुपयोगी, कारण ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तांबडी, वाळूमिश्रित माती किंवा बारीक मुरूम चांगला.

आपल्या गावची माती पाहायची असेल तर काचेच्या सरळ बरणीत तिसरा हिस्सा माती घाला, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ तासाभरात, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. थरांची जाडी पट्टीने मोजून मुलांना शेकडेवारी काढायला सांगा.

बांधणारे हात

गांदोत त्या वेळी सुमारे तीन हजारांची वस्ती होती आणि बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावरचे नकाशे दाखवून उपयोग नव्हता, म्हणून केरे जमिनीवर, धुळीत रेघा ओढून आराखडा समजावत. मातीच्या विटांची कमान माणसाचा भार सोसेल यावर कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा नमुन्याची कमान बांधून ते स्वतः तिच्यावर चढून उड्या मारत. कमानीत प्रत्येक वीट शेजारणीला दाबत असते. माती दाब चांगला सोसते, ताण मुळीच सोसत नाही. हे विधान फळ्यावर लिहिण्यापेक्षा उडी मारून पटवणे केव्हाही बरे.

मुलांनी पायासाठी दगड आणले. बायकांनी विटांसाठी पाणी वाहिले आणि जमिनी चोपल्या. ओळीने उभे राहून लाकडी चोपण्यांनी तासन् तास चोपायचे, मग गुळगुळीत दगडाने घासायचे. ही कला त्यांची स्वतःचीच होती, कोणी शिकवायला आले नव्हते. विटा पाडणे आणि वेल्डिंग या गोष्टी मात्र नव्या होत्या आणि त्या गावच्या तरुणांनी शिकून घेतल्या. पुढे त्यांना बाहेरच्या बांधकामांवर काम मिळू लागले. सरकारने शाळेला शिक्षक आणि त्यांचे पगार दिले. शेजारच्या गावांनीही एकत्र येऊन आपापल्या शाळा बांधायला घेतल्या. मुलांची संख्या वाढत गेली, तशी गांदोत शिक्षकांची घरे, आणखी वर्ग, ग्रंथालय अशी कामे पुढे चालू राहिली. ग्रंथालयाच्या छतात बायकांनी घडवलेली मातीची मडकी तळ आणि तोंड कापून बसवली आणि भोवती काँक्रीट ओतले. त्या भोकांतून उजेड येतो आणि गरम हवा जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गांदोची शाळा उचलून लातूर जिल्ह्यात ठेवता येणार नाही. पश्चिम आफ्रिकेचा तो भाग प्राचीन, स्थिर खडकावर आहे आणि तेथे मोठे भूकंप जवळजवळ होत नाहीत. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे घेतली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या टनावारी वजनाने. भिंतीचे दोन अंग एकमेकांत गुंफणारे आरपार दगड नव्हते, वरून बांधणारा पट्टा नव्हता. म्हणून भूकंपप्रवण भागात मातीच्या किंवा दगडाच्या भिंतीला जोत्याशी, दारे-खिडक्यांवर आणि छताखाली सलग बंधपट्टे हवेतच, आणि डोक्यावर विटांचे जड छत असेल तर आधी जाणकार अभियंत्याला विचारावे.

किल्लारीनंतर दोन प्रकारची कामे झाली. सर्वांत जास्त नुकसान झालेली गावे नव्या जागी, शहरी वसाहतीसारख्या सरळ रांगांत वसवली गेली. कमी नुकसान झालेल्या गावांत मात्र सरकारी मदत घेऊन लोकांनी स्वतःच आपली घरे दुरुस्त आणि मजबूत केली; अशी घरे लाखाहून अधिक होती. गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून या कामात उतरल्या. पट्टा कशासाठी, आरपार दगड कुठे, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचे, हे त्या घरोघर सांगत. मला दुसऱ्या प्रकारचे काम अधिक मोलाचे वाटते. पहिल्यात घर मिळाले. दुसऱ्यात घर का पडले तेही गावाला कळले.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. सारख्या मापाची दोन पुठ्ठ्याची खोकी घ्या आणि दोन्हींच्या बाजूंना खाली दोन-दोन झरोके पाडा. एकावर पत्र्याचा तुकडा थेट ठेवा. दुसऱ्यावर कौलाचे तुकडे फटी ठेवून मांडा आणि त्यांच्यावर चार बोटे अंतर सोडून, विटेच्या तुकड्यांच्या आधाराने, तसाच पत्रा ठेवा. दोन्हींत तापमापक असा टांगा की फुगा कशालाही टेकणार नाही. अकरा ते तीन दर पंधरा मिनिटांनी नोंदी घ्या. मग पहिल्या खोक्यातल्या तापमापकाच्या फुग्याभोवती, त्याला न चिकटवता, चकचकीत चांदीच्या कागदाची सैल नळी धरा. थोड्या वेळाने पारा खाली येईल. हवा तीच आहे. पारा जेवढा उतरला तेवढा भाग पत्र्याच्या प्रारणाचा होता.