हिमो, इमिया आणि पॅथी: रक्ततपासणीच्या कागदावरील लांब शब्द

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सालेकशाच्या पुढे, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरांत दरेकसा वसले आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या गुहांच्या यात्रेला निघालेले गोंड भाविक याच वाटेने येतात. गोंडी, छत्तीसगढी, पोवारी, हिंदी आणि मराठी या भाषा ज्या परिसरात शेजारी-शेजारी नांदतात, तिथे इंग्रजीतील सर्वांत लांब आणि सर्वांत महत्त्वाचे शब्द घरात येतात ते बहुधा दवाखान्याच्या कागदावरून. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार गोंड, माडिया, परधान या समाजांत आणि त्यांच्याबाहेरील अनेक जातींतही आढळत असल्यामुळे हिमोग्लोबिनोपॅथी, इलेक्ट्रोफोरेसिस, हेटरोझायगस, स्प्लेनोमेगॅली असे शब्द ज्या कागदावर छापलेले असतात, तो कागद येथे केवळ रुग्णाच्या नव्हे, तर त्याच्या भावंडांच्या आणि पुढे होणाऱ्या सोयरिकीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असतो.

हे शब्द लांब असले, तरी ते मोजक्याच तुकड्यांचे बनलेले आहेत आणि तेच तुकडे पुन्हापुन्हा येतात, ही गोष्ट रुग्णांना फारशी कोणी सांगत नाही. ती सांगितली गेली पाहिजे, कारण शब्दाला तुकडे जोडण्याची रीत या प्रदेशातील भाषांना मुळीच परकी नाही. गोंडीत ‘नार’ म्हणजे गाव आणि ‘नाटे’ म्हणजे गावात. मराठीतही ‘घर’ या दोन अक्षरांपासून ‘घरातल्यांनासुद्धा’ इथपर्यंत शब्द वाढतो आणि तरीही लहान मुलाला तो अवघड जात नाही. वैद्यकातील इंग्रजी शब्द हे मुख्यतः ग्रीक आणि लॅटिन धातूंचे असेच जोडकाम आहे. इंग्रजी शब्दकोशांत नोंदलेला सर्वांत लांब म्हणून प्रसिद्ध असलेला पंचेचाळीस अक्षरांचा शब्द, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, हा १९३५ साली अमेरिकेतील शब्दकोडे-प्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम रचला, पण त्याचेही तुकडे पाडले की फुफ्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी आणि धूळ एवढेच हाती लागते. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिकाधूळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुफ्फुसविकार, असा त्याचा अर्थ असून रोजच्या वैद्यकात त्याचे काम सिलिकोसिस या छोट्या शब्दाने भागते.

सिकलसेलच्या कागदावरील पहिला आणि सर्वांत व्यापक तुकडा ‘हिमो’ हा आहे. देवनागरीत तो वाचताना मराठी माणसाला हिम, म्हणजे बर्फ आठवणे स्वाभाविक असले, तरी त्याचे मूळ ग्रीकमधील ‘हायमा’, म्हणजे रक्त, या शब्दात आहे. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींमधील प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. हिमोलिसिस म्हणजे तांबड्या पेशी फुटणे, कारण ‘लिसिस’ म्हणजे सुटणे किंवा विघटन. हिमोफिलिया म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा विकार. हाच तुकडा शब्दाच्या शेवटी आला की आपला ‘ह’ गमावून ‘इमिया’ असा उरतो. ॲनिमियातील आरंभीचा ‘अन्’ हा ‘अनावश्यक’, ‘अनुचित’ या मराठी शब्दांतील नकारार्थी ‘अन्’चाच सख्खा भाऊ आहे, आणि त्यामुळे ॲनिमिया म्हणजे शब्दशः रक्त नसणे, व्यवहारात रक्तक्षय. ल्युकेमियात ‘ल्युको’ म्हणजे पांढरा, तर थॅलेसेमियात ‘थॅलासा’ म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांत तो विकार प्रथम ओळखला गेल्याने हे नाव पडले.

सर्वांत जास्त घोटाळा ‘पॅथी’ या तुकड्याने होऊ शकतो. होमिओपॅथी, ॲलोपॅथी, निसर्गोपचाराची नॅचरोपॅथी या नावांमुळे मराठीत ‘पॅथी’ म्हणजे उपचारपद्धती असा अर्थ रूढ झाला आहे. मूळ ग्रीक ‘पॅथोस’चा अर्थ मात्र भोग, वेदना असा असून रोगांच्या नावांत तो तसाच टिकला आहे. न्युरोपॅथी म्हणजे मज्जातंतूंचा विकार, आणि हिमोग्लोबिनोपॅथी म्हणजे हिमोग्लोबिनचा विकार; तो शब्द वाचून एखाद्या कुटुंबाने त्यास उपचाराचे नाव समजणे सहज शक्य आहे, म्हणून समुपदेशनात त्याचा खुलासा अगत्याने व्हावा.

इलेक्ट्रोफोरेसिस या शब्दात विज्ञानाचा एक मोठा अध्याय दडलेला आहे. ‘फोरेसिस’ म्हणजे वाहून नेणे, आणि ‘इलेक्ट्रो’ हा तुकडा ग्रीक ‘एलेक्ट्रॉन’पासून, म्हणजे घासल्यावर हलक्या वस्तू ओढून घेणाऱ्या तृणमणीच्या नावापासून आला. विद्युतक्षेत्रात रेणू आपापल्या विद्युतभाराप्रमाणे वेगवेगळ्या वेगाने सरकतात, या तत्त्वावर ही चाचणी चालते. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले होते, परंतु १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे सरकते हे याच पद्धतीने दाखवले, आणि एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूतील फरकात असू शकते हे प्रथमच सिद्ध झाले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो फरक नेमका शोधला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो असतो. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये या विकाराची पहिली नोंद झाली. आजही प्राथमिक छाननी सोल्युबिलिटी, म्हणजे विद्राव्यता, चाचणीने करून निदान पक्के करण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीचा आधार घेतला जातो.

उरलेल्या शब्दांत मराठी वाचकाला ओळखीचे नातलग भेटतात. स्प्लेनोमेगॅलीतील ‘स्प्लेन’ हा संस्कृत ‘प्लीहे’शी आणि ‘मेगा’ हा ‘महा’शी एकाच मुळातून जोडलेला आहे; वाढलेली प्लीहा, म्हणजे पाणथरी, हा सिकलसेलच्या बालरुग्णांत दुर्लक्ष करू नये असा धोक्याचा इशारा असतो. होमोझायगसमधील ‘होमो’ म्हणजे ‘सम’, तर ‘झायगस’ हा ‘युग’, म्हणजे जोडी, या शब्दाचा भाऊबंद; ‘हेटरो’ म्हणजे भिन्न. दोन्ही पालकांकडून सिकलसेलचेच जनुक मिळाले, तर जोडी समान ठरते आणि व्यक्ती रुग्ण असते. एकाकडून ते आणि दुसऱ्याकडून निरोगी जनुक मिळाले, तर जोडी भिन्न ठरते आणि व्यक्ती वाहक असते. ‘हिमो’ आणि ‘होमो’ यांत देवनागरीत केवळ एका स्वरचिन्हाचा फरक असल्यामुळे हे दोन तुकडे डोळ्यांनी नीट वेगळे करावे लागतात.

कागदावर रुग्ण आणि वाहक या दोन अवस्थांसाठी अनुक्रमे ‘एसएस’ आणि ‘एएस’ अशी दोन-दोन अक्षरे लिहिलेली असतात. वाहकाला सहसा काहीच त्रास जाणवत नाही, आणि म्हणूनच त्याचा कागद जपून ठेवणे व वाचता येणे अधिक आवश्यक असते: दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निरोगी असण्याची २५ टक्के असते, आणि पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता बदलत नाही.