झाकण मिटल्यावर लॅपटॉप खरंच काय करतो?

शिरूरहून सुटलेली एसटी शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली असं करत पुण्यात कधी पोचेल याचा नेम नसतो. मागच्या पावसाळ्यात शिरूरच्या स्टँडवर गाडी लागलेली पाहून मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि तो तसाच पाठपिशवीत टाकला. पुण्यात उतरून उघडला तर स्क्रीन काळीच. बॅटरी संपली होती आणि सेव्ह न केलेला हिशेबाचा तक्ता गेला होता. वाईट याचं वाटलं की लिनक्समध्ये ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’ मी स्वतः लावलं होतं. आधी डुलकी आणि अर्ध्या तासाने पूर्ण बंद, असा तो बेत होता. पुढे रांजणगाव एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आणि दौंडहून रोज रेल्वेने पुणं गाठणाऱ्या ओळखीच्या माणसांकडूनही हीच तक्रार ऐकली. जुना लॅपटॉप आणि थकलेली बॅटरी असलेल्यांनाच ही सोय सर्वांत जास्त लागते, म्हणून तिच्याबद्दलचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

पहिला गैरसमज म्हणजे झाकण मिटलं की लॅपटॉप बंद झाला. सस्पेंडमध्ये प्रोसेसर थांबतो, डिस्क थांबते, पण रॅमला वीज लागतच राहते, कारण उघडी कामं तिथेच असतात. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर ‘एस-टू-आयडल’ नावाची उथळ झोप असते आणि तिला जुन्या ‘डीप’ झोपेपेक्षा सहसा जास्त बॅटरी लागते. हायबरनेटमध्ये मात्र रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि यंत्र खरोखर बंद होतं. मग बॅटरी काढून ठेवली तरी काम जात नाही.

दुसरा गैरसमज जास्त नडतो. पुष्कळांना वाटतं की ठरलेली वेळ झाली की झोपलेला लॅपटॉप झोपेतच विझतो. तसं होत नाही. रॅम डिस्कवर उतरवायची तर प्रोसेसर जागा हवा. म्हणून लिनक्समधलं ‘सिस्टिमडी’ हे सॉफ्टवेअर झोपण्याआधी लॅपटॉपच्या घड्याळाला गजर लावतं, गजर झाला की यंत्र उठतं, रॅमची प्रत ‘स्वॅप’ या डिस्कवरच्या राखीव जागेत लिहितं आणि मग बंद होतं. बंद पिशवीत पंख्याची घरघर ऐकू आली, पाठीला ऊब लागली, तर ती या लिखाणाची असू शकते. काही क्षणांत ती थांबायला हवी. लिखाण फसलं तर सिस्टिमडी पुन्हा सस्पेंडकडे वळतं. हायबरनेट मुळात शक्यच नसेल, तर झाकण मिटल्यावर साधं सस्पेंड होतं आणि लॉगमध्ये तशी एक ओळ पडते. स्क्रीनवर काहीच दिसत नाही. माझा घात झाला तो इथेच. सेटिंग बरोबर होती, पण तिच्या पोटातलं हायबरनेट कधी चालतच नव्हतं.

ते का चालत नव्हतं? ‘स्वॅप आहे ना, मग झालं’ असं मी धरून चाललो होतो. फेडोरा ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, त्या वितरणात मुळातला स्वॅप ‘झेडरॅम’ असतो. तो रॅममध्येच दाबून ठेवलेला असतो, वीज गेली की तोही जातो, त्यामुळे त्यात हायबरनेट करता येत नाही. उबुंटूत डिस्कवर स्वॅप फाइल असते, पण ती अनेकदा रॅमपेक्षा बरीच लहान निघते. ‘रॅमच्या दुप्पट हवा’ हा जुना नियमही आता धरून बसायला नको. प्रत दाबून लिहिली जाते आणि कर्नल ती रॅमच्या सुमारे दोन पंचमांशात बसवायला बघतो. तरी डिस्कवरच्या स्वॅपमध्ये रॅमएवढी जागा ठेवावी, म्हणजे भरपूर टॅब उघडे असतानाही अडत नाही. याशिवाय लॅपटॉप पुन्हा सुरू होताना प्रत कुठे ठेवली आहे हे कर्नलला कळायला हवं. २०२३ च्या सिस्टिमडी २५४ पासून यूईएफआय यंत्रांवर ही खूण आपोआप ठेवता येते, जुन्या यंत्रांवर ‘रिझ्यूम’ पर्याय हाताने द्यावा लागतो. आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर बऱ्याच वितरणांचा कर्नल हायबरनेटला सरळ नकार देतो.

वेळेचंही असंच. सिस्टिमडीच्या ‘स्लीप डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘हायबरनेट-डिले-सेक’ रिकामं सोडलं की ठरावीक वेळाने बंद होईल, अशी समजूत असते. पण २०२२ च्या आवृत्ती २५२ पासून बॅटरी असलेल्या यंत्रात, वेळ दिलेली नसेल, तर बॅटरी साधारण ५ टक्क्यांवर येईपर्यंत वाट पाहिली जाते. नव्या बॅटरीला हे ठीक. माझी बॅटरी १५ टक्के दाखवता दाखवता मान टाकते, तिथे ५ टक्क्यांची वाट बघणं म्हणजे पाणी डोक्यावरून जाऊ देणं. म्हणून मी तिथे ३० मिनिटं स्पष्ट लिहिली आहेत.

झाकणाचं काम ‘लॉगिनडी डॉट कॉन्फ’मध्ये सांगायचं असतं, तेवढं केल्यावर लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करावा. केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी मात्र त्याच्याच पॉवर सेटिंगमध्ये बदल करावा, कारण तिथे झाकण केडीई सांभाळतं.

एसएसडी झिजेल ही भीती अनेकांना असते. रोज दोनदा ३ जीबीची प्रत लिहिली तर वर्षाला जेमतेम २.२ टीबी होतात. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीची लेखनमर्यादा १५० टीबीच्या आसपास असते. हिशेब करा आणि ही काळजी सोडा.

तपासणी मात्र टप्प्याटप्प्याने करायला हवी. एक फाइल उघडी ठेवून आधी नुसतं हायबरनेट करून पाहा. दिवे पूर्ण विझले, बटण दाबल्यावर तीच फाइल समोर आली, तरच पुढे जा. मग वेळ २ मिनिटं ठेवा, चार्जर काढा, झाकण मिटा आणि लॅपटॉप टेबलावरच राहू द्या. झोपेचा दिवा लुकलुकत असतो. दोन मिनिटांनी पंखा फिरतो, दिवा स्थिर होतो आणि मग सगळं विझतं. माझ्या टेबलावर हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी लॉग दाखवणारं ‘जर्नलसीटीएल’ उघडून एकेक ओळ वाचली : झोप, जाग, लिखाण, बंद. मग २ च्या जागी ३० लिहिले आणि पिशवी भरायला घेतली.