शालेय मंत्रिमंडळ आणि परिपाठ : लोकशाहीचा पहिला धडा

शाळेची घंटा होते. परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कोणत्याही माध्यमिक विद्यालयाच्या प्रांगणात विद्यार्थी रांगांनी उभे राहतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष असा परिपाठ पार पडतो आणि मुले वर्गांत जातात. नित्याच्या सवयीमुळे या काही मिनिटांकडे आपण केवळ शिस्तीचा भाग म्हणून पाहतो. वस्तुतः सारी शाळा एकत्र जमते अशी दिवसातील ही एकमेव सभा होय. विद्यार्थ्यांनी निवडलेल्या शालेय मंत्रिमंडळाची जोड तिला मिळाली, तर नागरिकशास्त्राचे पुस्तक मुलांच्या हाती नव्हे, आचरणात येते.

सामूहिक स्वराचे मोल

मराठवाड्याला हे मोल निराळे सांगावयास नको. १९३८ साली हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या महाविद्यालयातही हे आंदोलन झाले. या विद्यार्थ्यांना पुढे नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा त्याच संस्थानातील जिल्हा होता. आज आपली मुले प्रांगणात निर्भयपणे गातात, त्यामागे हा इतिहास आहे.

रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रतिज्ञेचीही अशीच कथा आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या शासकीय अधिकाऱ्याने ती १९६२ साली विशाखापट्टणम येथे कोषागारात सेवेत असताना मूळ तेलुगूत लिहिली. राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणून १९ फेब्रुवारी २०२३ पासून अंगीकृत झाले. परिपाठात असा एखादा संदर्भ मुलांनीच शोधून सांगितला, तर पाठांतराला अर्थ प्राप्त होईल.

पूर्वसूरींचे प्रयोग

विद्यार्थी स्वशासनाची कल्पना नवी नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्राम येथे नयी तालीमची शाळा उभी राहिली. तेथे विद्यार्थी आपले मंत्री निवडीत. स्वयंपाक, सफाई, आरोग्य ही कामे त्यांच्याकडे असत आणि आमसभेपुढे त्यांना आपल्या कामाचा अहवाल द्यावा लागे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही माध्यमिक शाळांत विद्यार्थी मंडळे असावीत व आचारसंहिता ठरविण्यात त्यांचा वाटा असावा, अशी शिफारस केली. परदेशात ए. एस. नील यांनी १९२१ साली स्थापन केलेल्या समरहिल शाळेत तर सभेमध्ये शिक्षकाला एक मत आणि बालकालाही एकच मत, असा दंडक आहे. इतके दूर जाण्याची आवश्यकता नाही. परंतु जबाबदारी दिल्यावाचून जबाबदारीची जाणीव येत नाही, हे सूत्र सर्वत्र समान आहे.

निवडणूक कशी व्हावी?

मुख्याध्यापकांनी हुशार मुलांची नावे वाचून दाखवावीत व टाळ्या व्हाव्यात, याला निवडणूक म्हणता येणार नाही. वर्गनिहाय मतदार यादी, अर्ज, छाननी, माघार, प्रचारासाठी ठरावीक वेळ, गुप्त मतदान, सर्वांसमक्ष मतमोजणी आणि शेवटी परिपाठात शपथविधी, असे सर्व टप्पे व्हावेत. खर्चास बंदी असावी. मतदान केंद्राचे काम विद्यार्थ्यांनीच पाहावे. १९८९ पासून आपल्याकडे मतदानाचे वय अठरा वर्षे आहे. म्हणजे आज दहावीत असलेला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत खरा मतदार होणार आहे.

खातेवाटपात एक दक्षता घ्यावयास हवी. क्रीडा व शिस्त मुलांकडे आणि सांस्कृतिक कार्यक्रम मुलींकडे, ही वाटणी मोडली पाहिजे. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव असलेल्या राज्यात शाळेची मुख्यमंत्री मुलगी असणे हे नवल वाटू नये.

महिन्यातून एकदा परिपाठाला जोडून आमसभा घ्यावी. पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय, शालेय पोषण आहार या खात्यांच्या मंत्र्यांनी काय झाले व काय राहिले, ते सांगावे. प्रश्न विचारले जावेत. इतिवृत्त लिहिले जावे आणि पुढील सभेत ते वाचले जावे. मुलांच्या अधिकारात काय आहे व काय नाही, हेही प्रारंभीच स्पष्ट असावे. पाण्याची टाकी बांधणे त्यांच्या हाती नाही. मात्र टाकी किती दिवस कोरडी होती, याची नोंद त्यांच्या हाती आहे. ती नोंद ग्रामपंचायतीपुढे आली, तर सदस्यांनी तिला उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. मौन मात्र नको. प्रश्न विचारून काही होत नाही, हा धडा मूल एकदा शिकले की आयुष्यभर विसरत नाही.

खरी कसोटी

या सर्वांत उपस्थिती मंत्र्याचे काम सर्वांत नाजूक आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी जिल्ह्यातील अनेक कुटुंबे स्थलांतर करतात आणि रांगेतील काही जागा रिकाम्या होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे ४८ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता; राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. नववी-दहावीतील मुलगी सलग काही दिवस दिसली नाही, तर हे प्रथम तिच्या मैत्रिणींच्या लक्षात येते, हजेरीपटाच्या नंतर.

तथापि, विवाह थोपविण्याचा भार मुलांवर टाकणे योग्य नव्हे. मंत्र्याने ती बाब वर्गशिक्षकांना एकांतात सांगावी, सभेत नाव घेऊ नये. येथे त्याचे कर्तव्य संपते आणि मोठ्यांचे सुरू होते. ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजेच आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. शिक्षक, सरपंच आणि पालक यांनी वेळीच पावले उचलली, तर रांगेतील ती जागा पुन्हा भरू शकते.

शालेय मंत्रिमंडळाचे यश शपथविधीच्या छायाचित्रावरून मोजावयाचे नसते. वर्षअखेरीस इतिवृत्ताची वही उघडावी. किती प्रश्न विचारले गेले, कितींना उत्तर मिळाले आणि जूनमध्ये रांगेत उभी असलेली किती मुले एप्रिलमध्येही तेथेच उभी आहेत, हे पाहावे. हाच त्याचा खरा निकाल होय.